सोफ्याच्या मापाचे गायतोंडे

घर सजवणाऱ्यांमध्ये सध्या एक मत सर्रास ऐकू येते. दिवाणखान्यात अमूर्त चित्र हवे असेल, तर गायतोंडे, रझा किंवा रॉथको अशा चित्रकाराच्या एखाद्या चित्राचा फोटो कारागिराच्या हाती द्यावा, सोफ्यामागच्या भिंतीचे माप सांगावे आणि ॲक्रिलिकमध्ये हुबेहूब नक्कल करून घ्यावी. या मताला युक्तिवादाचे पाठबळ आहे, म्हणून आधी तो नीट मांडू. पहिला मुद्दा असा की, अमूर्त चित्रात चेहरा नाही, प्रसंग नाही. रंग आणि आकार जुळले की चित्र जुळले. दुसरा असा की, राजा रविवर्म्याने ओलिओग्राफ छापून घरोघरी चित्रे पोचवली याचा आपण गौरव करतो. मग या नकलेला नाक का मुरडायचे? तिसरा मुद्दा पैशाचा. वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३.७ कोटी रुपयांना गेले. सामान्य रसिकाने करायचे काय? तिन्ही मुद्दे वरकरणी बिनतोड वाटतात. ते तपासून पाहू.

व्यक्तिचित्राची नक्कल कितीही कच्ची असली, तरी चित्र कोणाचे ते ओळखू येते. विषय तगून राहतो. अमूर्त चित्राला हा आधार नाही. रंगाचे थर, त्यांची पारदर्शकता, पोत आणि आकारमान एवढीच त्याची मिळकत. नकलेत नेमके तेच बदलते. गायतोंडे तैलरंगात काम करीत. रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, कागदाचे तुकडे रंगात दाबून उमटवायचे, वाळू द्यायचे आणि पुन्हा थर चढवायचा. त्यांच्या कॅनव्हासजवळ जाऊन पाहावे. वरच्या थरातून खालच्या रंगाचा उजेड झिरपत असतो, आणि खरवडलेल्या जागी आधीचा थर पुन्हा वर आलेला दिसतो. तैलरंग सावकाश वाळतो, म्हणून त्याच्याशी असे झगडता येते. ॲक्रिलिकचा पातळ थर काही मिनिटांत वाळतो. मग फोटोवरून काम करणारा कारागीर काय करतो? गायतोंडे यांच्या कॅनव्हासवर जो डाग दाबल्याने, खरवडल्याने उमटला, तो हा कुंचल्याने रेखाटतो. तो डागाचे चित्र काढतो. जे चित्र कशाचेही चित्र नव्हते, ते आता दुसऱ्या एका चित्राचे चित्र झाले. अमूर्ताची अमूर्तताच गेली. मग जुळले ते काय?

कोणी म्हणेल, गायतोंडे अवघड असतील. चित्रकार मॉन्ड्रियनच्या सरळ रेघा आणि सपाट रंग तर कोणालाही जमतील. त्याची चित्रे निरखून पाहा. काही चित्रांत काळी रेघ कडेपर्यंत न जाता थोडी अलीकडेच थांबते. रेघांची जाडी सारखी नसते. पांढऱ्या चौकोनांतही कुंचल्याचे फटकारे जागोजागी दिशा बदलतात. आता हे चित्र सोफ्याच्या लांबीइतके ताणा. सगळी रचना अंतरांच्या तोलावर उभी असेल, तर माप बदलल्यावर ती रचना राहील कशी?

जाणकार या बाबतीत किती काटेकोर असतात, त्याचा एक दाखला देतो. रॉथकोने हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली पाच भित्तिचित्रे उन्हाने विटली. त्याने वापरलेला एक लाल रंग उजेडात टिकणारा नव्हता. ती पुन्हा रंगवणे हा सोपा उपाय होता. तेथील संग्रहालयाने तो नाकारला. २०१४ साली प्रोजेक्टरमधून मोजून-मापून रंगीत प्रकाश टाकून गेलेला रंग दिसण्यापुरता परत आणला. मूळ थरावर कुंचल्याचा एक फटकाराही चढवला नाही. रॉथकोच्याच कॅनव्हासवर परका हात चालत नाही, तर कोऱ्या कॅनव्हासवर त्याच हाताने रॉथको कसा घडेल?

हा आक्षेप ॲक्रिलिकवर नाही, हेही स्पष्ट करतो. रझांनी आपली बिंदूची चित्रे ॲक्रिलिकमध्ये रंगवली. रॉथकोची अखेरची काळी-करडी चित्रेही ॲक्रिलिकचीच. माध्यम निर्दोष आहे. दोष आहे तो एका माध्यमात झालेला शोध दुसऱ्या माध्यमात, दुसऱ्याच्या हातून, निव्वळ निष्कर्ष म्हणून उतरवण्यात.

आता रविवर्मा. १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तो खुद्द चित्रकाराने. छपाईत लक्ष्मी लक्ष्मीच राहिली. भाविकाला जे हवे होते ते पोचले. शिवाय ओलिओग्राफ उघडउघड छापील होता. ॲक्रिलिक नकलेत यांतले काय आहे? चित्रकाराची संमती नाही, तगून राहणारा विषय नाही, आणि ती मिरवते मात्र हाताने रंगवलेले चित्र म्हणून. कायदाही पाहा. भारतात कलाकृतीचा स्वामित्वहक्क कलाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. गायतोंडे २००१ साली गेले. म्हणजे २०६१ सरेपर्यंत परवानगीशिवाय त्यांच्या चित्राची विक्रीसाठी नक्कल करणे बेकायदा आहे. रविवर्म्याचा दाखला इथे लागू पडत नाही. तो नकलेच्या विरोधात जातो.

राहिला पैशाचा मुद्दा. कोट्यवधींचे चित्र परवडत नाही, हे खरेच. पण म्हणून नक्कलच हवी, हे कुठून आले? चांगले छापील पुनर्मुद्रण नकलेहून स्वस्त आणि प्रामाणिक असते. ते चित्रकाराच्या खुणा लहान करून का होईना, त्याच्याच म्हणून दाखवते. नक्कल त्या पुसून तिथे परक्या खुणा ठेवते. चित्रकाराने स्वतः सही करून क्रमांक घातलेली सेरिग्राफ किंवा एचिंग अशी मुद्राचित्रेही मिळतात. मुंबईत जहांगीर कलादालनाबाहेर पदपथावर चित्रकार आपली मूळ चित्रे विकतात. मोठ्या नकलेच्या पैशांत तिथे एखादे छोटे अस्सल चित्र येते. ज्याने ते काढले तो समोर उभा असतो. त्याला विचारता येते, त्याच्याशी वाद घालता येतो. रसिकाला याहून अधिक काय हवे?

निवाडा वाचकांनी करावा. आपल्या भिंतीवर आवडत्या रंगांचा पट्टा हवा, ही इच्छा रास्त आहे आणि तो रंगवणाऱ्या कारागिराचे कसबही मानाचे आहे. त्याला त्याच्या मनाने रंगवू द्यावे आणि खाली त्याचीच सही घ्यावी. ते चित्र त्याचे असेल, म्हणूनच खरे असेल. दुसऱ्याच्या चित्राची नक्कल त्याच्याकडून करून घेण्याने गायतोंडे तर घरात येत नाहीतच, आणि जो चित्रकार घरात येऊ शकला असता, तोही दाराबाहेर राहतो.