लघुशिल्पांसाठी पॉलिमर क्ले
‘पॉलिमर क्ले’ नावाने माती असली, तरी प्रत्यक्षात ते पॉलिव्हिनाइल क्लोराइड आणि त्याला मऊ ठेवणाऱ्या प्लास्टिसायझरचे मिश्रण आहे. शाडूप्रमाणे ते हवेत वाळत नाही. ओव्हनमध्ये भाजल्यावरच पक्के होते. नवशिक्याने क्ले प्रथम हाताने चांगली मळून घ्यावी. धडाला अॅल्युमिनियम फॉइलचा गाभा, तर बारीक हातापायांना तारेचा आधार द्यावा. त्यावर सारखा थर चढवून नाक-डोळे सुईने कोरावेत. भाजण्याचे तापमान वेष्टनावर दिलेले असते. ते बहुधा ११० ते १३० अंश सेल्सिअस असते. उष्णता कमी पडल्यास मूर्ती ठिसूळ राहते. करपल्यास हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. म्हणून ओव्हनमध्ये स्वतंत्र तापमापक ठेवावा, खिडक्या उघडाव्यात आणि यासाठी वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत.