फोरॅमिनिफेरांचे वर्गीकरण : कवचाची साक्ष

पिरॅमिडांच्या पायथ्याशी पडलेल्या, मसुराच्या आकाराच्या खड्यांविषयी स्ट्रॅबोने एक लोकसमजूत नोंदविली आहे : मजुरांच्या उरलेल्या अन्नाचेच ते दगड झाले. पुढील अभ्यासकांनी ते खडे न्युम्युलाइटांची, म्हणजे एकपेशीय सागरी फोरॅमिनिफेरांची, जीवाश्म कवचे असल्याचे ओळखले. या समूहाच्या शास्त्रीय अभ्यासाचा इतिहासही बव्हंशी रिकाम्या कवचावरून काढलेल्या अनुमानांचाच आहे.

आल्सीद दॉर्बिन्यी यांनी १८२६ मध्ये समूहास नाव दिले, ते शीर्षपाद मृदुकाय प्राण्यांचा एक गण म्हणून. नॉटिलसप्रमाणे यांतील अनेक कवचेही सर्पिल व कप्प्याकप्प्यांची असतात. मात्र नॉटिलसचे कप्पे नळीने जोडलेले असतात, तर येथे केवळ छिद्राने. ‘छिद्रधारी’ या अर्थाचे नाव त्यावरूनच पडले. हे अनुमान अविचाराचे म्हणता येणार नाही. प्राणी पाहिल्यावाचून दुसरे सुचणे कठीण होते. १८३५ मध्ये फेलिक्स द्युजार्दँ यांनी जिवंत नमुन्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. कवचात ना मस्तक होते, ना बाहू. होते ते एक चिकट, संकोचशील द्रव्य आणि त्यातून बाहेर पसरणारे मुळांसारखे तंतू. या द्रव्यास त्यांनी ‘सार्कोड’ म्हटले. दॉर्बिन्यी यांनीही पुढे आपले मत सोडले.

प्राण्याचे स्थान बदलले, तरी समूहाची अंतर्गत विभागणी कवचावरच चालू राहिली. विल्यम कार्पेंटर यांनी १८६२ मध्ये कवचभित्तीतील सूक्ष्म रंध्रांना महत्त्व दिले. चॅलेंजर सफरीतील नमुन्यांवरील हेन्री ब्रेडी यांचा अहवाल १८८४ मध्ये निघाला. लोब्लिक व टॅपन यांच्या १९६४ च्या ग्रंथात भित्तीचे घटक व रचना निर्णायक ठरली : वाळूचे कण जोडलेली, चिनी मातीसारखी, काचेसारखी. खनिज तेलाच्या शोधात खडकांचे वय ठरविणाऱ्यास अशी पद्धती सोयीची होती; त्याच्या हाती कवचावाचून दुसरे काही येतच नाही.

परंतु १९९९ मध्ये यान पावलोवस्की व सहकाऱ्यांनी जनुकांच्या तुलनेवरून दाखविले की गोड्या पाण्यातील, कवचच नसलेला रेटिक्युलोमिक्सा हाही फोरॅमिनिफेरच होय. २०१३ च्या त्यांच्या मांडणीत भित्तीच्या घटकांऐवजी कप्प्याच्या मूळ आकारास, गोल की नळीसारखा यास, प्राधान्य मिळाले. त्यामुळे चिनी मातीसारख्या भित्तीचे मिलिओलिडा व काचेसारख्या भित्तीचे स्पिरिलिनिडा एका वर्गात आले. संपूर्ण समूहाचे जवळचे आप्त आता रेडिओलॅरियांमध्ये मानले जातात. एककप्पी प्रकारांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे : तो एकसंध वंश नसून, ज्यांतून बहुकप्पी शाखा फुटल्या त्या अनेक वंशांचा सोयीने बांधलेला गट आहे.