मासा मेला, संकट टळलं?

पालघर-बोईसरकडच्या कुठल्याही सोसायटीत चार घरं फिरा. एका तरी घरात टीव्हीशेजारी काचेचं गोल भांडं आणि त्यात दोन गोल्डफिश दिसतील. महिन्याभराने परत जा. भांडं तिथेच असतं, मासे नसतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "गेले हो. पण एका अर्थी बरंच झालं. घरावरचं संकट त्यांनी अंगावर घेतलं."

फेंगशुईची लाट आली तेव्हापासून ही समजूत आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवायचे, एखादा मेला तर तो आपल्या वाटचं अरिष्ट घेऊन गेला असं समजायचं आणि दुसरा आणायचा. श्रद्धेवर वाद घालण्यात मला रस नाही. पण पेशाने इंजिनिअर असल्यामुळे एक गोष्ट खटकते. सर्व्हर पडला आणि कोणी म्हणालं, "बरं झालं, कंपनीवरचं संकट टळलं", तर आपण त्याला लॉग उघडायला लावू की नाही? मग माशाने काय घोडं मारलंय?

तर आजचा विषय गोल्डफिशचा लॉग. गंमत म्हणजे तो जवळजवळ हजार वर्षांचा आहे.

गोल्डफिश हा मूळचा चीनचा. आपल्या रोहू-कटलाच्या कुळातलाच, म्हणजे कार्प जातीचा. मूळ रंग मातकट हिरवा-करडा. त्यात अधूनमधून एखादं पिल्लू तांबूस-सोनेरी निपजायचं. चिनी नोंदींत असे लाल खवल्यांचे मासे चौथ्या शतकाच्या आसपास दिसतात. रानात असा मासा टिकणं कठीण, बगळ्याला लांबूनच दिसतो. पण बौद्ध मठांमध्ये जीवदान म्हणून मासे तळ्यात सोडायची प्रथा होती आणि तिथे हे रंगीत मासे वाचले. सोंग राजवटीत, बाराव्या शतकात, हांगचौच्या राजवाड्यात त्यांच्यासाठी खास तळी होती. मिंग काळात ते घरात आले. कशात? मोठ्या, रुंद तोंडाच्या मातीच्या आणि चिनीमातीच्या रांजणांत. मासा वरून बघायचा, म्हणून पैदासही वरून छान दिसतील अशा माशांची झाली. दुहेरी शेपट्या, बटबटीत डोळे, गोल पोट ही त्या काळाची देणगी.

इथे एक तांत्रिक बाब लक्षात ठेवा. पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो पृष्ठभागातून. रुंद रांजणाचा पृष्ठभाग मोठा. आपलं गोल भांडं मानेपर्यंत भरलं की पृष्ठभाग जेमतेम बशीएवढा राहतो.

सतराव्या शतकात गोल्डफिश युरोपात पोचला. लंडनच्या सॅम्युएल पेपीसने १६६५ च्या आपल्या रोजनिशीत काचेच्या भांड्यातल्या परदेशी माशांचं कौतुक केलं आहे. ते मासे बहुधा गोल्डफिश नव्हते, पण असे ते कायम जगतील असं त्याला सांगण्यात आलं होतं. साडेतीनशे वर्षं झाली, काउंटरवर अजून तेच सांगतात. :)

आता खरी गोष्ट. तिच्यात एक बाप आणि एक मुलगा आहे, आणि दोघांचं नाव एकच: रॉबर्ट वॉरिंग्टन.

थोरला वॉरिंग्टन लंडनचा रसायनशास्त्रज्ञ. १८४९-५० मध्ये त्याने एका काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश सोडले आणि सोबत व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली. काही दिवसांत पानं कुजून पाणी गढूळ झालं, तेव्हा त्याने गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. त्याने हिशेब मांडला: माशाचा कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेते, वनस्पतीचा ऑक्सिजन मासा घेतो, कचरा गोगलगाय खाते. चक्र पूर्ण. १८५० मध्ये त्याने हे छापलं आणि 'समतोल टाकी' ही कल्पना जन्माला आली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि घराघरांत टाक्यांचं वेड पसरलं.

पण हिशेब अर्धाच बरोबर होता. मासा श्वासासोबत आणखी एक गोष्ट पाण्यात सोडत असतो, तीही कल्ल्यांमधूनच: अमोनिया. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात भर. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं आणि मासा आपल्याच अमोनियात गुदमरत असतो. थोरल्या वॉरिंग्टनच्या टाकीत या अमोनियाचंही काहीतरी होत होतं. पण ते करणारे त्याला दिसत नव्हते.

ते आधी अंधुक दिसले फ्रान्समध्ये, १८७७ साली. श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. वीस दिवस काहीच घडलं नाही. जेवढा अमोनिया वरून घातला तेवढाच खालून बाहेर. मग अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्म सोडल्यावर क्रिया थांबली. म्हणजे हे काम निव्वळ रसायनाचं नव्हतं, कुठल्यातरी जिवाचं होतं आणि त्याला वस्ती करायला वीस दिवस लागले होते.

धाकटा वॉरिंग्टन तेव्हा इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होता. त्याने हा धागा उचलला, वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि दाखवलं की काम दोन टप्प्यांत होतं: अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट. दोन्ही टप्प्यांचे जीव वेगळे. ते जिवाणू वेगळे काढणं त्याला काही जमलं नाही, तो मान १८९० मध्ये विनोग्राडस्कीने मिळवला. पण बघा ना, बापाने गोल्डफिशची टाकी मांडली आणि तिच्यात नेमकं काय कमी समजलं होतं ते मुलाने शोधलं, तेही मासे सोडून शेताच्या मातीत!

पुढचं थोडक्यात. नायट्राइटवर काम करणारा जिवाणू कोणता याबद्दल पुस्तकं बराच काळ 'नायट्रोबॅक्टर'चं नाव घेत होती. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये प्रत्यक्ष तपासलं तर काम 'नायट्रोस्पायरा' करत होता. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला. तो सापडलेल्या जागांपैकी एक होती मत्स्यपालनाच्या यंत्रणेतला फिल्टर.

आता हे सगळं आपल्या हॉलमधल्या भांड्याला लावून बघू.

शुक्रवारी संध्याकाळी नवी टाकी आणली, नळाचं पाणी भरलं, मासे सोडले. जिवाणूंची वस्ती शून्य. श्लोझिंग-म्युंट्झच्या नळीला वीस दिवस लागले, घरच्या टाकीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दरम्यान अमोनिया चढत जातो आणि मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात. "महिनाभरसुद्धा टिकले नाहीत" यात नशिबाचा संबंध नाही, तो जिवाणूंचा कॅलेंडर आहे. बरं, घाबरून कोणी पूर्ण पाणी ओततो आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो जिवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो. जेमतेम बसलेली वस्ती गेली, घड्याळ पुन्हा शून्यावर.

आपल्या किनारपट्टीच्या उन्हाळ्याने त्यात भर पडते. २० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, त्याला १८ ते २२ अंश मानवतात. शिवाय अमोनियाचा विषारी भाग तापमान आणि सामू वाढला की वाढतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी रूपात असतो, सामू ८ झाला तर पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे दहापट. बोअरवेलचं पाणी वापरत असाल तर सामू एकदा तपासाच.

गोल्डफिश नाजूक असतो हे मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात ऑक्सिजन संपला तर हा पठ्ठ्या शरीरातल्या लॅक्टिक आम्लाचा अल्कोहोल करून कल्ल्यांतून बाहेर टाकतो आणि जगतो. ते कसं, हे २०१७ मध्ये नीट उलगडलं. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला 'टिश' नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये वारला, ४३ वर्षांचा होऊन. असा मासा आपल्याकडे तीन आठवड्यांत मरत असेल तर प्रश्न पाण्याला विचारायला हवा.

उपाय काही फार मोठे नाहीत. गोल भांडं फुलांना द्या. शेपटीवाल्या एका गोल्डफिशला साधारण ७०-८० लिटरची टाकी लागते, पुढे प्रत्येकाला आणखी ४० लिटर धरा. स्पंजचा फिल्टर चोवीस तास चालू ठेवा. आधी फिल्टर मुरू द्या, मग मासे आणा. ओळखीच्या कोणाकडे जुनी निरोगी टाकी असेल तर तिथला वापरलेला स्पंज मागून घ्या, विरजण मागतो तसा. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, क्लोरीन काढणारे थेंब घालून. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. गोल्डफिशला जठर नसतं, त्यामुळे खाणं थोडं थोडं, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आणि कंटाळा आला म्हणून मासे गावच्या तळ्यात सोडू नका. तिथल्या माशांना तो खरंच संकट ठरू शकतो.

आता थोडं घराबाहेर. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. काच आणि तिच्यामागे मासा हे दृश्य अनेकांनी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा बघितलं ते तिथे. देणगीदार पारशी कुटुंबाचं नाव त्याला मिळालं, आणि तारापोरवाला या आडनावात आपलं तारापूर आहे. महाराष्ट्राच्या सगळ्यात प्रसिद्ध फिश टँकवर आपल्या गावाचं नाव!

त्याच नावाची आपल्याकडे औद्योगिक वसाहतही आहे. तिचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जातं आणि तिथून नळाने नवापूरच्या समुद्रात. अशा केंद्रांमध्ये जिवाणूंकडून सांडपाणी साफ करून घेतात. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही पद्धत मांडली, आणि अमोनियाचं काम तिथेही याच नायट्रेटवाल्या जिवाणूंकडे असतं. म्हणजे ते केंद्र हा एक भलामोठा स्पंज फिल्टरच. त्याचेही नियम तेच: झेपेल तेवढाच भार टाका आणि जिवाणूंना मारणारं काही आत सोडू नका.

तारापूरच्या केंद्राची क्षमता दिवसाला अडीच कोटी लिटर होती आणि येणारं पाणी त्याहून जास्त. खाड्या बिघडल्या, मासळी घटली. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून जास्त कारखान्यांना मिळून सुमारे १६० कोटी रुपयांची भरपाई भरायला सांगितली, केंद्राचा हिशेब वेगळा. खाडीत मासा मेला तेव्हा मांगेला मंडळींनी संकट टळलं म्हणून हात जोडले नाहीत. त्यांनी पाण्याचे नमुने मागितले.

मला वाटतं टाकी घरात ठेवण्याचा खरा फायदा हा आहे. आपण टाकलेलं कुठे जातं, ते कोण साफ करतं आणि त्याला किती झेपतं, हे ७० लिटरमध्ये डोळ्यांसमोर दिसतं. तीन-चारशे रुपयांचं अमोनिया तपासायचं किट आणा. दर शनिवारी पाच मिनिटं लागतात. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं तर बादली उचला.