ब्रेटन वुड्‌स परिषद आणि भारताचे स्टर्लिंगमधील येणे

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १ ते २२ जुलै १९४४ या काळात, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील ब्रेटन वुड्‌स येथे ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांच्या विचारविनिमयातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक या संस्थांचा आराखडा सिद्ध झाला. १९३०च्या दशकातील मंदीत अनेक देशांनी आपल्या चलनाचे अवमूल्यन करून, म्हणजे परकीय चलनांच्या तुलनेत त्याचे मोल उतरवून, आपले संकट इतरांवर ढकलले होते. तसे पुन्हा घडू नये यासाठी, ज्याचा व्यवहारतोल बिघडला आहे, म्हणजे ज्याचे परदेशी देणे येण्याहून वाढले आहे, अशा सभासदाला अल्पमुदतीचे साहाय्य देणे हे नाणेनिधीचे प्रमुख कार्य ठरले.

भारत तेव्हा पारतंत्र्यात असला, तरी त्याचे स्वतंत्र शिष्टमंडळ परिषदेत होते. त्याचे नेतृत्व व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील अर्थसदस्य जेरेमी रेझमन यांच्याकडे होते आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, षण्मुखम चेट्टी व मुंबईचे ए. डी. श्रॉफ यांचा समावेश होता. युद्धासाठी भारतातून घेतलेल्या मालाचे व सेवांचे मोल ब्रिटनने लंडनच्या खात्यात स्टर्लिंगच्या रूपाने जमा केले होते आणि त्याच्या आधारावर रिझर्व्ह बँकेने रुपयाच्या नोटा काढल्यामुळे इकडे महागाई भडकली होती. या स्टर्लिंग शिलकीचा काही भाग तरी निधीमार्फत इतर चलनांत बदलून मिळावा, ही मागणी श्रॉफ यांनी आग्रहाने मांडली. परंतु ब्रिटन व अमेरिका यांनी तिला विरोध केला आणि हा प्रश्न संबंधित देशांनी आपसांत सोडवावा, अशी भूमिका ब्रिटनच्या वतीने जॉन मेनार्ड केन्स यांनी घेतली.

या निर्णयामागची सत्तेची रचना कोट्यांवरून स्पष्ट होते. कोटा म्हणजे सभासदाने निधीत भरावयाचा वाटा. मतांचे वजनही मुख्यतः त्यावरच ठरते. अमेरिकेला २७५ कोटी, ब्रिटनला १३० कोटी, तर भारताला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला. पुढे सोव्हिएत संघ निधीत सामील न झाल्याने भारत पहिल्या पाच देशांत आला आणि त्याला आपला कार्यकारी संचालक नेमण्याचा अधिकार लाभला, तरीही स्टर्लिंगच्या वसुलीसाठी त्याला ब्रिटनशी स्वतंत्र वाटाघाटीच कराव्या लागल्या.

१९४४ साली भारत धनको होता, तर १९९१ साली तो ऋणको झाला. त्या वर्षी परकीय चलनाचा साठा जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरता उरला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने कर्जासाठी तारण म्हणून लंडनला पाठवले, जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि निधीच्या साहाय्यासोबत सरकारी तूट कमी करण्याच्या अटीही आल्या. त्या साहाय्यामुळे देशाची पत सावरली, हे निर्विवाद आहे. मात्र समायोजनाचा, म्हणजे खर्च व आयात आटोक्यात आणण्याचा, भार या वेळी पूर्णपणे ऋणकोवर पडला.

ही दोन्ही प्रकरणे एकत्र पाहिली असता असे दिसते की, भार कोणी वाहायचा हे देणेकरी कोण आणि येणेकरी कोण यापेक्षा मताचे वजन कोणाकडे आहे यावर अधिक ठरत आले आहे. संकटात धावून येणारी संस्था जगाला हवीच आहे. परंतु तिने राखलेले स्थैर्य न्याय्य ठरायचे असेल, तर भारवाटपाच्या निर्णयात दुर्बल सभासदांच्या शब्दालाही वजन मिळाले पाहिजे.