गाय सारखी उलटतेय? एकदा वळूच्या चाऱ्याकडेही बघा

गाय माजावर येते, वळू दाखवला जातो आणि तीन आठवड्यांनी गाय पुन्हा माजावर. दोष बहुतेक वेळा गायीलाच दिला जातो. पण गायीत दोष असेल तर एका गायीचं वेत लांबतं. वळूत असेल तर त्याला दाखवलेल्या सगळ्याच गायी रिकाम्या राहू शकतात.

कोणतं खनिज काय करतं?

• जस्त (झिंक): वृषणाची वाढ, नर संप्रेरक आणि शुक्राणूंची घडण यासाठी लागतं.
• सेलेनियम: शुक्राणूच्या शेपटीचा मधला भाग घडवतं. कमी पडल्यास शुक्राणू नीट पोहू शकत नाहीत.
• तांबं आणि मँगनीज: शुक्राणूंना झिजेपासून वाचवणाऱ्या विकरांचा भाग असतात.

कोकणात अडचण कुठे येते?

दापोली तालुक्यातलं केळशी असो वा शेजारची गावं, कोकणात जांभ्याची लाल, आम्लधर्मी माती भरपूर. मुसळधार पावसात तिच्यातलं कॅल्शियम धुऊन जातं आणि स्फुरद लोहाशी बांधलं जातं. चाऱ्यापाण्यातून लोह जास्त गेलं, तर जनावराच्या अंगी तांबं कमी लागतं. भाताच्या पेंढ्यातही स्फुरद कमीच. इथली 'कोकण कपिला' गुरं काटक आहेत, कमी चाऱ्यावर तग धरतात. पण तग धरणं वेगळं आणि सकस वीर्य तयार होणं वेगळं.

विषारी धातू पोटात कसे जातात?

स्फुरद कमी पडलं की जनावर हाडं, माती, चिंध्या, पत्रे चघळू लागतं. टाकून दिलेली बॅटरी किंवा जुन्या रंगाचे पोपडे चाटले की शिसं पोटात जातं. कॅडमियम जस्ताची जागा बळकावतं आणि शुक्राणूंभोवतीचं वृषणातलं संरक्षक आवरण बिघडवतं. म्हणजे खनिजांची कमतरता विषाला वाट करून देते.

परिणाम उशिरा का दिसतो?

वळूच्या वृषणात शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात, पुढे परिपक्व व्हायला आणखी आठवडा-दोन आठवडे. त्यामुळे आजच्या चाऱ्याचा परिणाम दोन-अडीच महिन्यांनी दिसतो. सुधारणेलाही किमान तेवढाच वेळ द्यावा लागतो.

काय करावं?

• पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वळूला रोज खनिज मिश्रण द्या. मोठ्या जनावराला साधारण ५० ग्रॅम पुरतं.
• पेंढ्यासोबत हिरवा चारा द्या.
• बॅटऱ्या, रंगाचे डबे, भंगार गोठ्यापासून आणि चराईच्या जागेपासून दूर ठेवा.
• हंगामाच्या तीन महिने आधी वळूची तपासणी करून घ्या. ताप, उष्णतेचा त्रास किंवा ब्रुसेलोसिससारखा आजार हेही कारण असू शकतं.
• सेलेनियमचं इंजेक्शन स्वतःहून देऊ नका. गरजेपेक्षा जास्त झालं तर तेच विष ठरतं.