नाण्यावरचे घाव

नानीच्या ट्रंकेत चांदीचे तीन रुपये होते. तिन्हींवर फारसी अक्षरांत शाह आलम बादशहाचे नाव, एकावर अंकुशाची खूण. शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले तेव्हा मी ते मांडले. एका पालकांनी अंकुशाचा रुपया उचलला, नावावरचे खड्डे दाखवले आणि म्हणाले, "बघा सर, मराठ्यांनी बादशहाचे नाव मुद्दाम ठोकून काढलेय." मुले माझ्याकडे बघू लागली. मला लगेच उत्तर सुचले नाही.

घरी येऊन भिंग घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, नाव अर्धवट दिसते ते कोणी खोडले म्हणून नव्हे. हातोड्याने नाणी पाडत तेव्हा ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान असे. जेवढे मावेल तेवढेच उमटे.

काळेपणा हा काळाचा. हवेतल्या गंधकाच्या वायूंशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. हा थर ओरखड्याच्याही आत असेल तर ओरखडा बहुधा जुना. ओरखडा लखलखत असेल तर अलीकडचा. एका रुपयावर एकाच दिशेच्या बारीक रेषा आहेत. त्या आमच्याच घरच्या. ईदच्या आधी नानी चांदी राखेने घासायची. दुसऱ्याच्या काठावर डाखाचा फुगवटा आहे. तो कधीतरी कडी लावून माळेत ओवला गेला असणार.

आणि ते खड्डे? ते आहेत चांदणी, फूल, ठिपका अशा आकारांचे. दोन्ही बाजूंना, कुठेही. नावावर कमी, मोकळ्या जागी जास्त. त्यांच्या कडाही बाकीच्या नाण्याइतक्याच झिजलेल्या. म्हणजे ते नाणे चालू होते तेव्हाचे. हे सराफांचे ठोके. त्या काळी टांकसाळी अनेक, चांदीचा कस वेगवेगळा, वर चांदी आणि आत तांबे अशी खोटी नाणीही फिरत. सराफ ठोका मारून आतली धातू पाहत आणि आपली खूण ठेवत. जुन्या किंवा परमुलखातल्या रुपयावर ते बट्टा कापत.

अंकुशी रुपया तर पेशवाईत पुण्यात पडत असे. मराठ्यांच्याच टांकसाळीत, तरी नाव दिल्लीच्या बादशहाचे. कारण त्या नावाच्या रुपयावर बाजाराचा भरवसा होता. ज्यांना नाव पुसायचे असते ते आधी स्वतःच ते कशाला कोरतील?

'सिक्का' आणि 'सराफ' हे दोन्ही शब्द अरबीतून आले आणि मराठीत घरचे झाले. बट्टा नाण्याला लागतो, तसा नावालाही लागतो. त्या दिवशी माझ्या गप्प राहण्याने तीन रुपयांना नसता बट्टा लागला.

पुढच्या प्रदर्शनात नाण्यांशेजारी भिंगही ठेवणार आहे. ते पालक आले तर आधी त्यांच्याच हातात देईन.