पचमढी : एका पठारावरील दोन गावे

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांताची स्थापना होऊन छत्तीसगड, अर्थातच आपले रायपूर, त्यात समाविष्ट झाले. प्रांताची राजधानी नागपूर. तेथील उन्हाळा इंग्रज अधिकाऱ्यांना असह्य होई. शिमल्याप्रमाणे आपल्यालाही थंड हवेचे ठाणे असावे, या विचारातून सातपुड्यातील पचमढी आकारास आली. पुढे उन्हाळ्यात प्रांताचा कारभार तेथूनच चाले.

कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८६२ मध्ये तेथे पोहोचले व त्यांनी ‘बायसन लॉज’ हे निवासस्थान उभारले. फोर्सिथ यांनी पचमढीचा ‘शोध’ लावला, असे सर्रास लिहिले जाते. हा शब्द आपण इतिहास शिकविताना फार सढळपणे वापरतो. कोरकू आणि गोंड तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. सभोवतालच्या शैलाश्रयांतील चित्रे तर त्याहून कितीतरी प्राचीन!

सुमारे साडेतीन हजार फूट उंचीचे हे पठार बशीसारखे खोलगट आहे. त्यावरील वसाहतीची आखणी पाहिली की राज्यकर्त्यांची मनोवृत्ती उमगते. आपल्याकडील जुन्या पेठांत घराला घर लागून असते. येथे मात्र बंगले एकमेकांपासून दूर, प्रत्येकाभोवती ऐसपैस आवार, पुढे खोल व्हरांडा, वर उतरते छप्पर. मोकळी हवा हवी होती हे खरे, पण अंतर राखणे हाही या रचनेचा हेतू होता, असे मला वाटते. लष्करी छावणीने तर ते अंतर अधिकच दृढ केले. १८७५ मधील क्राइस्ट चर्च मात्र निःसंशय देखणे आहे. तांबूस वालुकाश्म स्थानिक, शैली विलायती आणि खिडक्यांना रंगीत काचा.

याच पठारावर दुसरी, अधिक जुनी पचमढी आहे. जटाशंकर, महादेवाची गुहा, चौरागड ही तिची ठिकाणे. ती कोणी नकाशावर आखली नाही. यात्रेकरूंच्या पावलांनीच तिच्या वाटा पडल्या. महाशिवरात्रीला विदर्भातील मराठी भाविक त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढतात, नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची खडतर यात्रा करतात. बंगल्यांतील साहेब गेले, ‘फोर्सिथ पॉइंट’चे ‘प्रियदर्शिनी’ झाले, २००० साली छत्तीसगड वेगळे होऊन पचमढी आपल्या राज्याबाहेर राहिली. चौरागडावर मात्र भाविकांनी वाहिलेल्या त्रिशुळांची रास आजही दर वर्षी वाढत असते.